सभेची नोटीस कुणाला चारदा, कुणाला एकदाही नाही: पार्श्वभूमीतल्या जॉबमधून सामूहिक मेल पाठवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातली एक सहकारी पतसंस्था. सभासद सहा हजारांच्या घरात, त्यांपैकी सुमारे ४,१०० जणांचे ईमेल पत्ते नोंदलेले. ओळख पटू नये म्हणून संस्थेचे आकडे गोल केले आहेत. तांत्रिक तपशील मात्र जसाच्या तसा आहे.

सभासद नोंदणी, ऑनलाइन पासबुक, पावत्या हे सगळं लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये लिहिलेल्या एका वेब अॅप्लिकेशनवर चालायचं. एकच सर्व्हर, मायएसक्यूएल डेटाबेस, पार्श्वभूमीत करायच्या कामांची (जॉबची) रांग म्हणजे क्यू त्याच डेटाबेसच्या टेबलात, आणि ती कामं उचलणारे चार वर्कर, त्यांना चालू ठेवणाऱ्या सुपरवायजर या प्रोग्रॅमखाली. मेल संस्थेच्या गूगल वर्कस्पेसमधल्या एका खात्यातून एसएमटीपी या मेल पाठवण्याच्या प्रोटोकॉलने जायचे. पावत्या आणि लॉगिनचे ओटीपी मिळून दिवसाला शे-दीडशे. या कामाला ही मांडणी पुरेशी होती.

सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. संस्थेच्या उपविधीत सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी देण्याची अट होती. त्या वर्षी नोटीस आणि अहवालाची १.२ एमबीची पीडीएफ पहिल्यांदाच मेलने पाठवायचं ठरलं. पाठवणी सभेच्या १९ दिवस आधी ठेवली होती. मधल्या या काही दिवसांच्या सवडीनेच पुढे संस्थेला वाचवलं.

जॉब कसा लिहिला होता

एकच जॉब. आत सभासदांची यादी क्रमांकाप्रमाणे घेऊन लूप. प्रत्येकाला मेल, मग पुढचा. पाच कर्मचाऱ्यांच्या पत्त्यांवर चाचणी झाली, ती पास. नंतर तीनशे पत्त्यांवर केलेल्या चाचणीत जॉब साठाव्या सेकंदाला मेला, कारण लारावेलच्या वर्करचा टाइमआउट, म्हणजे एका जॉबला मिळणारा कमाल वेळ, मुळात ६० सेकंदांचा असतो. टीमने तो ३,६०० केला आणि पुढे गेली.

क्यूच्या कॉन्फिगमधला ‘रिट्राय आफ्टर’ हा दुसरा आकडा मात्र मूळच्या ९० सेकंदांवरच राहिला. वर्करने जॉब उचलला की क्यूच्या टेबलात त्या ओळीवर वेळ लिहिली जाते. ९० सेकंदांत ओळ पुसली गेली नाही, तर तो वर्कर मेला असं क्यू धरून चालते आणि जॉब दुसऱ्या वर्करला देते. पहिला वर्कर जिवंत आहे का, हे ती विचारत नाही. विचारायची सोयच नाही. म्हणून टाइमआउट नेहमी ‘रिट्राय आफ्टर’पेक्षा काही सेकंद कमी ठेवायचा असतो. इथे तो चाळीस पट जास्त होता.

समस्या: बारा मिनिटांत काय झालं

संध्याकाळी सहाला ‘पाठवा’ बटण दाबलं गेलं. एका मेलला साधारण एक सेकंद लागत होता.

नव्वदाव्या सेकंदाला दुसऱ्या वर्करने तोच जॉब उचलला आणि पहिल्या सभासदापासून सुरुवात केली. १८० व्या सेकंदाला तिसऱ्याने. २७० व्या सेकंदाला चौथ्या वर्करने उचलला, तेव्हा प्रयत्नांची मर्यादा ३ असल्याने त्याने जॉब अयशस्वी ठरवला, क्यूमधून काढला आणि अयशस्वी जॉबच्या टेबलात टाकला. आता क्यू रिकामी, स्क्रीनवर ‘फेल्ड’, आणि प्रत्यक्षात तीन वर्कर आपापला लूप मेमरीतून चालवत मेल पाठवतच होते. या प्रकरणातली सर्वांत फसवी जागा हीच. पडद्यावरच्या माहितीवरून कुणीही हाच निष्कर्ष काढला असता की काही गेलेलं नाही.

दहाव्या मिनिटाला कार्यालयातून बटण पुन्हा दाबलं गेलं. मोकळ्या चौथ्या वर्करने नवा जॉब घेतला. चार लूप एकदम चालू झाले.

वर्कस्पेसच्या एका खात्याला २४ तासांत २,००० मेलची मर्यादा असते. ७१७ व्या सेकंदाच्या आसपास पहिल्या लूपचे ७१७, दुसऱ्याचे ६२७, तिसऱ्याचे ५३७ आणि चौथ्याचे ११७ मेल मिळून ती संपली. ‘दिवसाचा कोटा संपला’ असं सांगणारा ५५० ५.४.५ हा नकार आला आणि सगळे लूप अपवाद (चूक झाल्याचा संकेत) फेकून थांबले. उरलेले प्रयत्न काही सेकंदांत वाया गेले. म्हणजे क्रमांकाने सर्वांत जुन्या ११७ सभासदांना चार प्रती, पुढच्या ४२० जणांना तीन, त्यापुढच्या ९० जणांना दोन, आणखी ९० जणांना एक. उरलेल्या जवळपास ३,४०० जणांना काहीच नाही.

ओटीपी त्याच खात्यातून जात असल्याने तेही बंद पडले. नोटिशीशी काही संबंध नसलेल्या सभासदांचं पासबुक त्यामुळे उघडेना. शाखेत आलेले पहिले फोन या लोकांचे होते.

त्या रात्रीचे पर्याय

पहिला निर्णय ओटीपीचा. मर्यादा खात्यागणिक असते, म्हणून संस्थेच्या दुसऱ्या खात्याचं एसएमटीपी ओटीपीसाठी जोडलं. अर्ध्या तासात लॉगिन सुरू झालं. इथे क्रम बरोबर लागला: आधी ज्यांचं काम अडलं आहे ते, मग नोटीस.

नोटिशीसाठी चार वाटा समोर होत्या. मर्यादा मोकळी झाली की सगळ्यांना पहिल्यापासून पाठवायचं, ही सर्वांत सोपी. पण ज्यांना चार प्रती गेल्या त्यांना पाचवी गेली असती आणि ४,१०० मेलला तीन दिवस लागले असते. दुसरी, शंभर-शंभर पत्ते बीसीसीत टाकून पाठवायचं. यात मर्यादा वाचत नाही, कारण मेलबरोबर पत्त्यांचीही वेगळी मोजणी होते. शिवाय घाईत कुणी बीसीसीऐवजी ‘टू’मध्ये यादी चिकटवली तर शंभर सभासदांचे पत्ते एकमेकांना उघड होतात. तिसरी, उरलेली यादी संस्थेच्या पाच-सहा खात्यांत वाटून पाठवायची. मर्यादा चुकवण्याचा हा प्रकार खाती निलंबित होण्यापर्यंत जाऊ शकतो, आणि नोटीस सचिवांच्या पत्त्याऐवजी भलत्याच पत्त्यावरून आली असती. चौथी, कुणाला गेलं हे आधी शोधायचं आणि फक्त उरलेल्यांना दोन दिवसांत पाठवायचं.

मेल सेवा बदलण्याचाही विषय निघाला. अॅमेझॉन एसईएस या मेल सेवेचं नवं खातं सँडबॉक्समध्ये (चाचणीपुरत्या मर्यादेत) असताना दिवसाला २०० मेल आणि तेही फक्त पडताळलेल्या पत्त्यांवर जातात. बाहेर पडायला अर्ज करून वाट पाहावी लागते. संकटाच्या रात्री तो मार्ग बंदच होता.

चौथी वाट घेतली. वर्कस्पेसच्या अॅडमिन कन्सोलमधून ईमेल लॉग उतरवला. इथे एक गुंता निघाला. लॉग पत्त्यांचा असतो, सभासदांचा नाही, आणि पतसंस्थेत आई, वडील आणि सून अशा तिघांच्या नावापुढे मुलाचा एकच पत्ता असणं अगदी नेहमीचं. एका पत्त्यावर नऊ मेल गेले असतील, तर ते तिघांचे प्रत्येकी तीन की आणखी काही, हे लॉग सांगत नाही. लूप सभासद क्रमांकाच्या क्रमाने चालला होता म्हणून सुटका झाली: पहिल्या लूपचा शेवटचा स्वीकारलेला मेल सापडला, आणि त्या क्रमांकाच्या पुढचे सगळे ‘बाकी’ धरले.

दुसऱ्या संध्याकाळी १,७०० आणि तिसऱ्या संध्याकाळी उरलेले मेल गेले. दर दिवशी ३०० ची जागा पावत्यांसाठी मोकळी ठेवली. सभेला तेव्हा १७ दिवस होते. जास्त प्रती मिळालेल्यांना दिलगिरीचा मेल पाठवावा असा आग्रह संचालकांपैकी काहींचा होता. तो पाठवला नाही, आणि ते योग्यच झालं: ज्या माणसाला आधीच चार मेल आले त्याला पाचवा पाठवून कोटा खर्च करण्यापेक्षा, फोन आल्यावर शाखेने नीट उत्तर देणं पुरेसं होतं.

कायमची दुरुस्ती: निवड कशाची होती

‘रिट्राय आफ्टर’ ७,२०० करून लूप तसाच ठेवायचा, हा प्रस्ताव टीममधून आला. एका ओळीचा बदल, आणि दुहेरी पाठवणी त्याने थांबलीही असती. पण जॉब मध्येच मेला, सर्व्हर रीस्टार्ट झाला किंवा ९०० व्या पत्त्यावर अपवाद आला, तर पुढचा प्रयत्न पुन्हा पहिल्या सभासदापासूनच. खरा दोष आकड्यात नव्हता. कुणाला मेल गेला याची नोंद फक्त चालू लूपच्या मेमरीत होती. क्यूला जॉब माहीत असतो, सभासद माहीत नसतो. ती नोंद आपल्याच डेटाबेसात, माणसागणिक एक ओळ अशी असायला हवी. पुढचे सगळे निर्णय यातून निघाले.

काय केलं

‘पाठवणी’ नावाचं टेबल केलं: नोटीस क्रमांक, सभासद क्रमांक, पत्ता, स्थिती, प्रयत्न, सेवेने दिलेला मेल क्रमांक, वेळा. नोटीस आणि सभासद या जोडीवर युनिक की, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा लिहिता येत नाही. बटण दाबल्यावर एक छोटा जॉब ५००-५०० च्या गटात ओळी भरतो आणि आधीच असलेली ओळ सोडून देतो. त्यामुळे बटण दहा वेळा दाबलं तरी ओळी ४,१०० च राहतात.

युनिक की पत्त्यावर ठेवावी की सभासदावर, यावर बरीच चर्चा झाली. पत्त्यावर ठेवली असती तर मुलाच्या इनबॉक्समध्ये एकच नोटीस गेली असती. पण नोटीस प्रत्येक सभासदाला द्यायची असते, पत्त्याला नाही. म्हणून की सभासदावर, आणि तीन मेल एकसारखे दिसू नयेत म्हणून विषयाच्या सुरुवातीलाच सभासदाचं नाव.

नावामुळे आणखी एक दोष उजेडात आला. जुन्या कोडमध्ये विषय ६० बाइटांवर छाटला जात होता. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, स्पेस आणि इंग्रजी आकडे एक. त्यामुळे छाटणी कधी चिन्हाच्या मध्येच पडायची आणि शेवटी चौकोनी प्रश्नचिन्ह दिसायचं. शिवाय वीसेक चिन्हांत ‘वार्षिक सर्वसाधारण सभ’ एवढंच मावायचं. छाटणी काढून टाकली. मेलच्या हेडरमध्ये देवनागरी विषय बेस६४ च्या (बाइटांचं साध्या इंग्रजी अक्षरांत रूपांतर केलेल्या) तुकड्यांत जातो. एका तुकड्याची कमाल लांबी ७५ इंग्रजी अक्षरांची असल्याने त्यात जेमतेम १५ चिन्हं बसतात. हे तुकडे लायब्ररी बरोबर पाडते. हेडर हाताने जोडायला जाऊ नये.

ओळी भरल्या की प्रत्येक ओळीसाठी एक जॉब, आणि जॉबमध्ये फक्त ओळीचा क्रमांक. वर्कर आधी एकच अपडेट चालवतो: स्थिती ‘बाकी’ असेल तरच ‘पाठवत आहे’ कर. एक ओळ बदलली तर मेल पाठवायचा. शून्य बदलल्या तर दुसऱ्या कुणीतरी ती घेतलेली आहे, गुपचूप बाहेर पडायचं. क्यूने जॉब दोनदा दिला तरी मेल एकदाच जातो. एका जॉबला आता सेकंदाहूनही कमी वेळ लागतो. टाइमआउट ३०, ‘रिट्राय आफ्टर’ ९०.

एक भेग तरीही उरते. सेवेने मेल स्वीकारला आणि स्थिती लिहायच्या आत वर्कर मेला, तर ओळ ‘पाठवत आहे’ वर अडकते आणि मेल गेला की नाही हे कळत नाही. एसएमटीपीची ही जुनीच अडचण आहे. १९८८ च्या आरएफसी १०४७ चा विषयच हा. नेमकं एकदाच पोहोचवण्याची हमी या प्रोटोकॉलवर देता येत नाही, म्हणून चुकायचं तर कोणत्या बाजूला, हे ठरवावं लागतं. सभेच्या नोटिशीसाठी ठरलं: १५ मिनिटांपेक्षा जास्त अडकलेली ओळ झाडणीच्या एका वेगळ्या जॉबने उचलून पुन्हा पाठवायची. दोन प्रती त्रासाच्या, पण एकही न जाणं म्हणजे उपविधीचा भंग. ओटीपीसाठी उलट निर्णय: पुन्हा पाठवायचं नाही, सभासद हवा तर नवा मागेल.

नकारांची वर्गवारी हा सर्वांत जास्त विचार खाणारा भाग. ४ ने सुरू होणारे कोड तात्पुरते: ओळ परत ‘बाकी’, आणि १, ५ व ३० मिनिटांनी पुन्हा प्रयत्न. ५५० ५.१.१ म्हणजे पत्ताच नाही: कायमचं अयशस्वी. पण त्या रात्रीचा ५५० ५.४.५ सुद्धा पाचचाच कोड होता आणि त्यात सभासदाच्या पत्त्याचा काही दोष नव्हता. नुसता पहिला अंक पाहिला असता तर हजारो चांगले पत्ते ‘चुकीचे’ म्हणून नोंदले गेले असते. म्हणून प्रश्न असा ठेवला: दोष पत्त्याचा की आपला? कोटा संपला, पासवर्ड नाकारला, जोडणीच होत नाही, हे आपले दोष. अशा वेळी ओळ ‘बाकी’च राहते आणि अख्खी पाठवणी ‘थांबवली’ स्थितीत जाते. प्रत्येक जॉब मेल पाठवण्याआधी ही स्थिती पाहतो. हातानेही थांबवता येतं.

क्यू दोन केल्या: ओटीपी-पावत्यांची वेगळी, सामूहिक मेलची वेगळी, आणि दोघींचे वर्करही वेगळे. सामूहिक मेल एसईएसच्या मुंबई विभागातून, ओटीपी दुसऱ्या खात्यावरून. मेल खरंच संस्थेचा आहे हे पटवण्यासाठी डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएमच्या तीन सीनेम नोंदी आणि डीमार्क आधी फक्त अहवाल घेणाऱ्या धोरणावर. पीडीएफ जोडणं बंद केलं. बेस६४ मुळे १.२ एमबीचे १.६ होतात, आणि ४,१०० प्रतींचे साडेसहा जीबी. नोटीस आणि विषयपत्रिका मेलच्या मजकुरात, अहवालाची लिंक.

रंगीत तालमीत निघालेला दोष

वेगावर लगाम म्हणून लारावेलचं रेट लिमिट मिडलवेअर (जॉब चालण्याआधी वेग तपासणारा कोड) लावलं: मिनिटाला ६००. मेल लॉगमध्ये लिहिणाऱ्या बनावट मेलरवर ४,१०० ओळी सोडल्या, आणि काही मिनिटांत निम्म्याहून जास्त जॉब अयशस्वी. मर्यादेत न बसलेला जॉब मिडलवेअर क्यूत परत टाकतं, आणि परत टाकणं हाही एक प्रयत्न मोजला जातो. तीनदा परत गेला की संपला, एकदाही मेल पाठवायचा प्रयत्न न करता. शिवाय मिनिटाचे ६०० मेल पहिल्या काही सेकंदांतच निघतात आणि सेवेची सेकंदाची मर्यादा मोडते.

यावर प्रयत्नांऐवजी वेळेची मुदत आणि अपवादांची वेगळी मर्यादा लावता येते. या संस्थेसाठी मात्र मिडलवेअरच काढलं. सामूहिक क्यूला दोनच वर्कर दिले. दोघे मिळून सेकंदाला आठ-दहा मेल पाठवतात, आणि खात्याची मर्यादा सेकंदाला १४ होती. चार हजार मेलला एवढं पुरतं, आणि बिघडलं तर सुपरवायजरच्या फाइलमधला एक आकडा पाहून कारण कळतं.

निष्पत्ती

पुढची नोटीस सुमारे आठ मिनिटांत गेली. मध्ये मुद्दाम एक वर्कर मारून पाहिला. एक ओळ अडकली, झाडणीच्या जॉबने ती उचलली, बाकीचं काम चालू राहिलं. ओटीपी अडले नाहीत.

बाउन्सचा, म्हणजे परत येणाऱ्या मेलचा, प्रश्न मात्र आधीच हाती घ्यावा लागला. पहिल्या वर्षी सहा टक्क्यांच्या आसपास मेल परत आले होते. एसईएस ५ टक्क्यांवर खाते तपासणीखाली घेते आणि १० टक्क्यांवर पाठवणी थांबवू शकते. मूळ होतं नोंदणीच्या फॉर्ममध्ये. ईमेलचा रकाना सक्तीचा असल्याने, ज्या सभासदाला ईमेल नाही त्याच्यासाठी शाखेतला कर्मचारी काहीतरी टाकून पुढे जायचा. रकाना ऐच्छिक केला, ‘ईमेल नाही’ अशी खूण दिली, आणि वर्कस्पेसकडे परत आलेले पत्ते एसईएसवर जाण्याआधीच बाजूला काढले. परतीचा दर दोन टक्क्यांच्या खाली आला. सेवेने स्वीकारला म्हणजे पोहोचला असं नसतं, म्हणून परतीच्या सूचना वेबहुकने, म्हणजे सेवेने आपोआप कळवून, ‘पाठवणी’ टेबलात येतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाखावार यादी छापली जाते. त्या सभासदांना नोटीस टपालाने जाते.

वेगळं काय करता आलं असतं

चाचणी पाच पत्त्यांवर घेण्याने काहीच सिद्ध होत नव्हतं, कारण पाच सेकंद नव्वदच्या आत बसतात. बनावट मेलर, ४,१०० ओळी आणि प्रत्येक मेलमागे एक सेकंदाचा मुद्दाम घातलेला विलंब, एवढ्यावर हा दोष दीड मिनिटात दिसला असता. साठाव्या सेकंदाला जॉब मेला होता, तो क्षण निर्णायक होता. ‘टाइमआउट वाढवू’ याऐवजी ‘हा जॉब इतका लांब का’ हे विचारलं असतं, तर पुढचं टळलं असतं.

दुसरं, ‘फेल्ड’ दिसल्यावर बटण पुन्हा दाबण्याआधी गेलेल्या मेलचं फोल्डर उघडून पाहायला हवं होतं. मेल अजून जात आहेत हे तिथे लगेच दिसलं असतं. अशा वेळी लारावेलची क्यू रीस्टार्ट आज्ञाही उपयोगाची नाही, कारण ती हातातला जॉब संपायची वाट पाहते, आणि तो जॉब तासाभराचा होता. सुपरवायजरमधून वर्कर थांबवले असते तर मूळच्या मांडणीत दहा सेकंदांनी ते जबरदस्तीने बंद झाले असते. पाचव्या मिनिटाला ते केलं असतं, तर खात्याचा निम्म्याहून जास्त कोटा शिल्लक राहिला असता आणि पासबुकही बंद पडलं नसतं.

एसईएसचा अर्ज आणि डोमेनच्या नोंदी सभेच्या हंगामाआधी, जून-जुलैत उरकायला हव्या होत्या. सप्टेंबरमध्ये मेल सेवा बदलायला घेऊ नये.